एका रात्रींतील दोन आगी

ता. ८ ऑक्टोबर १८७१, रविवार. या एकाच रात्रीं अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत, मिशिगन सरोवराच्या पश्चिमेकडील प्रदेशांत, दोन प्रचंड आगी भडकल्या. एक शिकागो शहरांत लागली. तींत सुमारें ३०० माणसें मेलीं. दुसरी तेथून दोनशेंहून अधिक मैल उत्तरेस, विस्कॉन्सिन संस्थानांतील पेश्टिगो नांवाच्या गांवीं व त्याच्या आसपासच्या रानांत भडकली. तींत निदान १,२००, आणि कांहींच्या अंदाजानें २,४०० पर्यंत माणसें मेलीं. पहिल्या आगीची हकीकत जगभर पसरली. दुसरीचें नांव तिच्या स्वतःच्या देशांतहि पुष्कळांस ठाऊक नाहीं. परंतु वणव्यानें झालेल्या मनुष्यहानीच्या दृष्टीनें पाहिलें तर अमेरिकेच्या ज्ञात इतिहासांत पेश्टिगोच्या आगीएवढी घोर आग आजतागायत झालेली नाहीं.

शेतकरी वर्गाच्या दृष्टीनें या दोहोंपैकीं विसरली गेलेली आगच अधिक विचार करण्याजोगी आहे. ती कोणा शत्रूनें लाविलेली नव्हती. रान तोडून शेत करूं पाहणारे कष्टाळू शेतकरी, आगगाडीचा मार्ग घालणारे मजूर व लांकूडतोडे यांनीं आपापल्या कामापुरत्या ज्या असंख्य लहान लहान आगी त्या मोसमांत पेटविल्या, त्यांचीच ती बेरीज होती. प्रत्येकाची आग लहान, प्रत्येकाचा हेतु रास्त, आणि प्रत्येकास वाटे कीं आपली आग आपल्या ताब्यांत आहे. बेरजेकडे पाहणारा मात्र कोणी नव्हता. हें कसें घडलें तें नीट समजून घेतलें असतां आपल्या स्वतःच्या बांधावरील आगीकडेहि आपण अधिक डोळसपणें पाहूं. म्हणून ती हकीकत येथें थोड्या विस्तारानें देत आहों.

रान, करवत आणि नांगर

विस्कॉन्सिन संस्थानाचा उत्तर भाग त्या काळीं पाइन वगैरे वृक्षांच्या घनदाट रानानें व्यापलेला होता. शिकागोसारखीं शहरें झपाट्यानें वाढत होतीं, पश्चिमेकडील वृक्षहीन गवताळ मैदानांत नवीं गांवें वसत होतीं, आणि या सर्वांस घरांकरितां, कुंपणांकरितां व आगगाडीच्या रुळांखालीं घालण्याकरितां लांकूड हवें होतें. पेश्टिगो नदीच्या कांठचें पेश्टिगो गांव याच मागणीवर उभें राहिलें. तेथें सुमारें १,७०० माणसांची वस्ती होती. गांवांत लांकूड कापण्याची मोठी गिरणी होती. शिवाय बादल्या, टब, झाडूचे दांडे वगैरे लांकडी वस्तु तयार करणारा एक कारखाना होता, आणि त्या प्रकारच्या कारखान्यांत तो जगांत सर्वांत मोठा अशी त्याची ख्याति होती. या उद्योगाचा प्रमुख मालक विल्यम ऑग्डेन हा शिकागो शहराचा पहिला नगराध्यक्ष. १८३७ सालीं तो त्या जागीं निवडून आला होता.

लांकूडतोडीची त्या वेळची रीत अशी कीं, झाड पाडावें, सरळ खोड तेवढें नदीच्या प्रवाहांतून गिरणीकडे न्यावें, आणि शेंडा, फांद्या, साल व ढलप्या जेथल्या तेथें टाकून पुढें जावें. असा वाळलेला कचरा मैलोगणती पसरला होता. लांकूडतोड्यांच्या मागून शेतकरी येई. जर्मनी, बेल्जम, स्वीडन, नॉर्वे वगैरे देशांतून नुकतीच आलेलीं हीं कुटुंबें बहुधा गरीब असत. त्यांस जमीन मिळाली तरी ती रानानें भरलेली. रान मोडल्यावांचून पीक नाहीं, आणि मोडण्याचें सर्वांत स्वस्त साधन म्हणजे आग. झाडें पाडून त्यांच्या राशी करावयाच्या, त्या पेटवावयाच्या, आणि बुंधे व मुळें दिवसेंदिवस धुमसूं द्यावयाचीं; राखेनें जमिनीस पहिल्या पिकापुरता कस येई हा आणखी एक लाभ. त्याच सुमारास शिकागो अँड नॉर्थवेस्टर्न कंपनीचा आगगाडीचा रस्ता त्या भागांत उत्तरेकडे वाढविला जात होता, आणि त्या पट्ट्यांतील झाडोराहि मजूर असाच जाळीत. एकंदरींत धूर हा तेथें भयाचा विषय राहिला नव्हता. ज्या दिशेस धूर दिसे तिकडे कोणी उद्योगी माणूस कामाला लागला आहे, एवढाच त्याचा अर्थ लोक घेत.

या प्रकाराबद्दल कोणी बोललेंच नाहीं असें नव्हे. विस्कॉन्सिनमधील नामांकित शास्त्रज्ञ इन्क्रीज लॅफम यानें दोघां सहकाऱ्यांसह १८६७ सालीं एक अहवाल लिहिला होता, व संस्थानांत झपाट्यानें चाललेल्या वृक्षनाशाचे परिणाम हवामानावर, जलप्रवाहांवर व जमिनीवर किती अनिष्ट होतील याची स्पष्ट कल्पना दिली होती. अहवाल छापला गेला. कुऱ्हाड चालतच राहिली.

अवर्षणाचें वर्ष

१८७१ सालीं जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत त्या टापूंत पाऊस नांवापुरताच पडला. ओढे आटले, विहिरींचें पाणी खोल गेलें, आणि एरव्हीं बाराही महिने ओल्या राहणाऱ्या दलदलीच्या जमिनी वाळून त्यांतील कुजलेल्या वनस्पतींचा थर जळणासारखा झाला. अशा जमिनींत आगीची गति फार फसवी असते. वर आग विझलेली दिसते. परंतु मुळांतून व या थरांतून ती आंतल्या आंत सरकत जाऊन कांहीं दिवसांनीं भलत्याच ठिकाणीं डोकें वर काढते. उभें झाड धडधाकट दिसावें आणि मुळें जळून गेल्यामुळें एकाएकीं कोसळावें, असे प्रकार त्या रानांत ठिकठिकाणीं होऊं लागले.

ता. २४ सप्टेंबर रोजीं आग पेश्टिगोच्या वेशीशीं येऊन ठेपली. गांवकऱ्यांनीं कारखान्याभोंवतीं पाण्याचीं पिंपें भरून ठेवलीं, बादल्या घेऊन झुंज दिली, वाऱ्यानेंहि साथ केली, आणि गांव वांचलें. तारायंत्राचे खांब मात्र जळाले व बाहेरच्या जगाशीं असलेला संबंध तुटला. या सुटकेचा परिणाम विलक्षण झाला. लोकांनीं अधिक सावध व्हावयाचें, तें कित्येक निर्धास्त झाले. गांवाभोंवतीं जळण्याजोगें होतें तें जळून गेलें, आतां आगीस इकडे यावयास वाट उरली नाहीं, असा त्यांचा समज झाला. एकदां टळलेलें संकट हें पुन्हां टळण्याची हमी मानण्याची चूक मनुष्यमात्र नेहमींच करीत आला आहे.

नदींतील ती रात्र

त्या रविवारीं पश्चिमेकडील मैदानांवर हवेच्या कमी दाबाचें एक मोठें वादळ होतें, आणि त्याच्या पुढील बाजूस नैर्ऋत्येकडून कोरडा व जोराचा वारा सुटला होता, असें हवामानशास्त्रज्ञांनीं पुढें त्या दिवसाच्या नोंदींवरून दाखविलें आहे. वारा वाढतांच विखुरलेल्या आगी एकमेकींत मिसळूं लागल्या. मोठी आग आपला वारा आपणच उत्पन्न करते. तापलेली हवा वेगानें वर चढते, तिची जागा भरून काढण्यास चोहोंकडून हवा ओढली जाते, आणि लोहाराच्या भात्यानें कोळसे फुलावे तशी ती आग फुलत जाते. एका मर्यादेपलीकडे गेल्यावर मग ती माणसाच्या हातीं राहत नाहीं. बादल्यांचें व पिंपांचें तेथें कांहीं चालत नाहीं.

पीटर पर्निन हा कॅथॉलिक धर्मोपदेशक त्या वेळीं पेश्टिगो येथें होता. तो वांचला, आणि १८७४ सालीं त्यानें आपला अनुभव छापून प्रसिद्ध केला. त्या आगीसंबंधीं जें साक्षात् पाहिलेलें वर्णन आज उपलब्ध आहे त्यांत याची हकीकत प्रमुख मानली जाते. त्या दिवशीं हवा गुदमरविणारी होती, सायंकाळनंतर पश्चिमेकडील आकाश तांबडें दिसूं लागलें, आणि दुरून मोठी घरघर ऐकूं येऊं लागली. हीं चिन्हें पाहून त्यानें आपल्या बागेंत खड्डा खणून सामान पुरलें, व शेवटीं नदीची वाट धरली.

रात्रीं दहाच्या सुमारास आग गांवावर आली. ज्वाळांच्या आधीं निखाऱ्यांचा वर्षाव झाला. घरें लांकडाचीं, छपरें लांकडाचीं, रस्त्याकडेचे पदपथ फळ्यांचे, आणि रस्त्यावर लांकडाचा भुसा पसरलेला. निखारा कोठेंहि पडला तरी त्यास खाद्य तयारच होतें. सुमारें एका तासांत गांव जळून गेलें. पुष्कळ लोक नदीकडे धांवले. पूल लांकडी होता. या कांठच्या लोकांस पलीकडचा कांठ सुरक्षित वाटे व पलीकडच्यांस हा. दोन्हीकडून माणसें, गाड्या व गुरें पुलावर आलीं, मध्यें एकच कोंडी झाली, आणि पूलहि पेटला. जे नदींत उतरले ते खोल पाण्यांत उभे राहून डोक्यावर सारखें पाणी मारीत राहिले, कारण तेवढा भाग क्षणभर कोरडा राहिला कीं केंस व कपडे पेट घेत. पर्निन लिहितो कीं, त्याच्याजवळच एक स्त्री एका ओंडक्यास धरून तरंगत होती. पोहत जाणाऱ्या एका गाईच्या धक्क्यानें तो ओंडका उलटला व ती दिसेनाशी झाली. पण थोड्याच वेळांत ती वर आली ती एका हातानें त्या गाईचें शिंग धरून व दुसऱ्या हातानें डोक्यावर पाणी उडवीत. सुमारें साडेपांच तास लोक असे पाण्यांत होते. जे आगीपासून वांचले त्यांतील कांहीं पाण्याच्या गारठ्यानें गेले.

नदीपासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्यांस एवढाहि आसरा नव्हता. गांवाबाहेरील शुगर बुश नांवाच्या शेतवस्त्यांत कुटुंबेंच्या कुटुंबें नाहींशीं झालीं. ग्रीन बे या आखाताच्या पलीकडे डोर द्वीपकल्पांतहि त्याच रात्रीं आग भडकली. तेथील विल्यमसनव्हिल या वस्तींतील कित्येक माणसें बटाट्याच्या मोकळ्या शेतांत जमलीं होतीं, तेथेंच तीं मरण पावलीं. त्या लहानशा वस्तींतील सुमारें ६० माणसें गेलीं. मोकळें शेत म्हणजे अभय, ही समजूत सर्वस्वीं खरी नाहीं. आग प्रचंड असली म्हणजे ज्वाळा पोंचण्यापूर्वींच तापलेली हवा व धूर माणसाचा जीव घेतात.

एकंदर सुमारें १२ लक्ष एकर मुलूख जळाला. मृतांचा नक्की आंकडा कधींच लागला नाहीं. गांवाचीं दप्तरें जळालीं. मजूर व नवे वसाहतवाले यांपैकीं कित्येकांस ओळखणारें कोणी मागें उरलें नाहीं. संस्थानच्या कायदेमंडळापुढें १८७३ सालीं जी यादी आली तींत मृत व बेपत्ता मिळून १,१८२ नांवें होतीं. पेश्टिगोच्या स्मशानभूमींत ओळख न पटलेल्या सुमारें ३५० माणसांचें एकच थडगें आहे.

एकाच झाडाचे दोन भाग

आतां शिकागोकडे वळूं. त्याच रात्रीं नऊच्या सुमारास तेथील डिकोव्हन रस्त्यावर ओ'लिअरी नांवाच्या कुटुंबाच्या गोठ्यांत आग लागली. अवर्षण तेंच, वाराहि नैर्ऋत्येचाच. आदल्या रात्रींच एक मोठी आग विझवून बंबवाले थकून गेले होते. तीन लक्षांवर वस्तीच्या त्या शहरास सुमारें १८५ बंबवाले व वाफेचे १७ बंब एवढाच बंदोबस्त होता. टेहळणीच्या मनोऱ्यावरून आगीची जागा चुकीची कळविली गेली व पहिला मोलाचा वेळ फुकट गेला. आगीनें नदी ओलांडली. पुढें पाणीपुरवठ्याच्या यंत्रगृहाचें छप्पर कोसळून पंप बंद पडले, आणि नळांतून येणारें पाणीच थांबलें. तिसऱ्या दिवशीं पाऊस आला तेव्हां आग शमली. सुमारें १७,४५० इमारती नष्ट झाल्या, सुमारें १ लक्ष माणसें बेघर झालीं, आणि नुकसान सुमारें २० कोटि डॉलरचें झालें.

या दोन आगी एकाच रात्रीं भडकल्या हा निव्वळ योगायोग मानण्याचें कारण नाहीं. दोहोंस एकच अवर्षण व एकच वादळ कारण झालें. पण याहूनहि जवळचा संबंध आहे, आणि तो लांकडाचा. शिकागो हें त्या काळीं लांकडाच्या व्यापाराचें फार मोठें ठाणें होतें. विस्कॉन्सिन व मिशिगन येथील रानें सरोवराच्या मार्गानें तेथें येत आणि त्या शहराचीं घरें, छपरें, पदपथ, किंबहुना कांहीं ठिकाणीं रस्त्यांची फरसबंदीसुद्धां त्या लांकडाची झाली होती. खोड शहरांत गेलें, शेंडा व फांद्या रानांत राहिल्या, आणि ८ ऑक्टोबरच्या रात्रीं त्या एकाच झाडाचे दोन्ही भाग जळाले. ऑग्डेन याची शिकागोंतील व पेश्टिगोंतील अशी दोन्ही ठिकाणची मालमत्ता गेली. ज्यानें रानापासून शहरापर्यंतची साखळी जुळविली होती त्याच्याच खात्यावर दोन्हीकडचें नुकसान मांडलें गेलें.

आठवण कोणाची राहिली

शिकागोंत तारायंत्र होतें, वर्तमानपत्रें होतीं, विम्याच्या कंपन्या व पेढ्या होत्या. तेथील बातमी ताबडतोब देशभर पसरली. पेश्टिगोच्या तारा आधींच जळाल्या होत्या. तेथील वार्ता विस्कॉन्सिनच्या राजधानींत पोंचावयास दोन दिवस लागले. तोंवर संस्थानचे गव्हर्नर ल्युशियस फेअरचाइल्ड इतर अधिकाऱ्यांसह शिकागोच्या मदतीस निघून गेले होते. त्यांच्या पत्नी फ्रान्सिस यांचें वय त्या वेळीं अवघें २४ वर्षांचें. त्यांनीं कोणाच्या हुकुमाची वाट न पाहतां शिकागोस जाण्यास सज्ज असलेला मदतीचा डबा उत्तरेकडे वळविला, व थंडीचे दिवस जवळ आल्याचें ओळखून लोकांकडून घोंगड्या गोळा करून त्यांत भरल्या. पेश्टिगोस पोंचलेल्या पहिल्या मदतींत ही एक होती.

पुढें कारणाचा शोध सुरू झाला, तेव्हां मनुष्यस्वभाव आपल्या नेहमींच्या वाटेनेंच गेला. शिकागोंत ओ'लिअरी बाईच्या गाईनें लाथ मारून कंदील पाडला अशी कथा पसरली. मायकेल अहर्न नांवाच्या बातमीदारानें ती आपण रचल्याचें १८९३ सालीं कबूल केलें. तरी त्या गरीब बाईवरील ठपका जन्मभर तिच्या मागें लागला, आणि शिकागोच्या नगरसभेनें तिला निर्दोष ठरविणारा ठराव केला तो १९९७ सालीं. पेश्टिगोच्या बाबतींत एका लेखकानें १८८३ सालीं आगीचें खापर थेट बीला नांवाच्या धूमकेतूच्या तुकड्यांवर फोडलें. शास्त्रज्ञ ही गोष्ट मान्य करीत नाहींत. आकाशांतून पडणारे अशनि भूमीस पोंचतात तेव्हां रान पेटविण्याइतके तप्त नसतात. परंतु असल्या कल्पना लोकांस आवडतात याचें कारण उघड आहे. दोष गाईचा किंवा धूमकेतूचा ठरला म्हणजे तो आपला राहत नाहीं. वाळलेल्या फांद्यांचे ढीग, धुमसते बुंधे, लांकडी शहर आणि अपुरे बंब यांचा हिशेब मग कोणी मागत नाहीं.

पुढें काय झालें

शिकागो पुन्हां उभें राहिलें, आणि त्यासाठीं उत्तरेकडील रानांत कुऱ्हाड अधिकच जोरानें चालली. शहराच्या मध्यभागीं लांकडी बांधकामास आळा घालण्याचे नियम झाले. ते ढिलाईनें पाळले गेले. १८७४ च्या जुलैंत पुन्हां आग लागून आठशेंवर इमारती जळाल्या, आणि विम्याच्या कंपन्यांनीं डोळे वटारले तेव्हां कोठें विटा, दगड व बंबांचा बंदोबस्त यांस खरें महत्त्व आलें. पेश्टिगोहि पुन्हां वसलें. परंतु लांकडी वस्तूंचा तो जगप्रसिद्ध कारखाना पुन्हां बांधला गेला नाहीं.

रानांतील धडा शिकण्यास तर फारच वेळ लागला. शेजारच्या मिनेसोटा संस्थानांत १ सप्टेंबर १८९४ रोजीं हिंक्ली गांव व आसपासचा मुलूख जळून ४१८ माणसें मेलीं. कारणें तींच: अवर्षण आणि लांकूडतोडीचा टाकलेला कचरा. त्यानंतर १८९५ सालीं त्या संस्थानानें वणव्यांवर देखरेख करणारे अधिकारी नेमण्याचा कायदा केला. तरीहि १२ ऑक्टोबर १९१८ रोजीं त्याच संस्थानांत क्लोकेच्या आसपास आगगाडीच्या ठिणग्यांनीं पेटलेल्या आगी एकत्र होऊन ४५३ माणसें गेलीं. मधल्या काळांत, १९१० च्या ऑगस्टांत, आयडाहो व मोंटाना संस्थानांत दोन दिवसांत सुमारें ३० लक्ष एकर रान जळालें व आग विझविणारीं कित्येक माणसें मेलीं.

त्या आगीनंतर अमेरिकेच्या वनखात्यानें उलट टोंक गांठलें. प्रत्येक वणवा, मग तो कोठेंहि असो, दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या आंत विझविलाच पाहिजे, असें धोरण १९३५ सालीं ठरलें. त्याचा अनपेक्षित परिणाम असा झाला कीं, पूर्वीं लहान लहान आगींनीं अधूनमधून जळून जाणारा पालापाचोळा व झुडपें वर्षानुवर्षें सांचत गेलीं, आणि मग लागणारी आग अधिकच उग्र होऊं लागली. १९७८ सालीं तें धोरण सोडून देण्यांत आलें. आतां योग्य ऋतूंत, योग्य वाऱ्यावर, मर्यादित क्षेत्रांत जाणकारांच्या देखरेखीखालीं मुद्दाम आग लावून जळण कमी करण्याची रीत मान्य झाली आहे. म्हणजे आग मुळींच लावूं नये हा पेश्टिगोचा धडा नव्हे. आग लावणें हें एक काम आहे, आणि त्यास नांगरणीइतकीच तयारी व पेरणीइतकेंच वेळेचें भान लागतें, हा तो धडा आहे.

पडीत जमिनीचाहि यांत मोठा हात असतो. हवाई बेटांतील लाहैना हें शहर ८ ऑगस्ट २०२३ रोजीं जळालें व शंभरांवर माणसें गेलीं. क्लोकेच्या नंतर अमेरिकेंत वणव्यानें एवढी मनुष्यहानी झाली नव्हती. त्या शहराच्या वरच्या अंगास पूर्वीं उंसाचे मळे होते. तेथील साखर कारखाना १९९९ सालीं बंद झाला, मळे पडीत राहिले, आणि त्यांवर परदेशी जातीचें उंच गवत माजून वाळलें. सकाळीं तुटलेल्या विजेच्या तारांनीं लागलेली आग विझली असें वाटलें होतें. दुपारीं जोराच्या वाऱ्यानें ती पुन्हां भडकली आणि गवतांतून शहरांत शिरली. पेश्टिगोच्या धुमसत्या बुंध्यांत आणि या विझलेल्या समजल्या गेलेल्या आगींत दीडशें वर्षांचें अंतर आहे. चूक मात्र एकच.

आपल्या बांधावर

आपल्याकडील रानें अमेरिकेच्या उत्तरेकडील रानांसारखीं नाहींत, आणि तेथल्या एवढी भयंकर आग येथें लागेल असें म्हणण्याचा हेतु नाहीं. परंतु लहान आगींची बेरीज होण्याचा नियम सर्वत्र सारखाच आहे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत सह्याद्रीच्या डोंगरांवर वणवे दिसतात, त्यांतील बहुतेक माणसाच्या हातूनच लागलेले असतात. कोंकणांत व घाटमाथ्यावर भाताच्या रोपांकरितां राब भाजतात. देशावर उंसाचें पाचट, गव्हाचें काड व बांधावरचें गवत पेटविण्याची चाल आहे. शेजाऱ्याचा तोडणीस आलेला ऊंस, खळ्याजवळची कडब्याची गंजी, आंब्याची बाग किंवा गुरांचा गोठा अशा आगींत जातो, तेव्हां पेटविणाऱ्यानें म्हटलेलें एकच वाक्य ऐकूं येतें: आग माझ्या शेतापुरतीच लावली होती.

शक्य असेल तेथें न जाळणें हेंच उत्तम. पाचट कुट्टी करून सरींत पसरलें असतां जमिनीची ओल टिकते व कुजून तिचें खत होतें. जाळल्यानें राखेचा थोडा लाभ होतो, पण सेंद्रिय द्रव्य आणि वरच्या थरांतील उपयुक्त जीवजंतु नाहींसे होतात. राबासारख्या ज्या कामांत भाजणीची चाल आहे तेथें क्षेत्राभोंवतीं काडीकचरा काढून नांगरलेला मोकळा पट्टा आधीं तयार करावा. वारा पडलेला असतांच पेटवावें, आणि तेंहि वारा ज्या बाजूस वाहतो त्या बाजूकडून, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकते. शेजाऱ्यांस आधीं सांगावें. पाणी, ओल्या फांद्या व पुरेशीं माणसें जवळ असावीं. विजेच्या तारांखालीं कांहीं पेटवूं नये व तेथें वाळलेलें गवत सांचूं देऊं नये. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्वाळा दिसेनाशा झाल्या म्हणून घरीं जाऊं नये. राखेंत हात घालतां येईल इतकी ती थंड होईपर्यंत, आणि बुंधे व शेणाचे ढीग पाण्यानें भिजविल्याखेरीज, काम पुरें झालें असें समजूं नये.

राखीव रानास आग लावणें, किंवा मनाई असतां तेथें विस्तव पेटविणें व नेणें, हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणें गुन्हा आहे; आणि रानांत चराईचा किंवा लांकूडफांट्याचा हक्क ज्यांस आहे त्यांनीं वणवा विझविण्यास मदत केली पाहिजे, असेंहि तोच कायदा सांगतो. उन्हाळ्यापूर्वीं वनखातें ज्या जाळरेषा काढतें त्यांच्या जोडीस गांवकऱ्यांनीं आपल्या शिवारालगत पट्टे साफ ठेवले, तर त्या रेषांचा उपयोग दुप्पट होईल. हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे. कोणत्या दिवशीं कोणाच्या शेतांत आग लागणार आहे, हें गांवांत आधीं ठरावें; एका दिवशीं सगळ्या शिवारांत धूर निघूं नये; आणि अवर्षणाच्या वर्षीं तर गांवानें एकमतानें सगळेंच जाळणें बंद ठेवावें. पेश्टिगोंत हें करणारें कोणी नव्हतें.

अमेरिकेंत दरवर्षीं ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास अग्निनिवारण सप्ताह पाळतात. १९२५ सालीं अध्यक्ष कूलिज यांनीं त्याची घोषणा केली, आणि त्याची तिथि शिकागोच्या आगीवरून धरलेली आहे. शहरानें आपला दिवस लक्षांत ठेविला हें योग्यच झालें. रान मोडणाऱ्या ज्या शेतकऱ्यांचीं नांवें कोणत्याहि यादींत आलीं नाहींत, त्यांचा दिवस मात्र शेतकऱ्यांनींच लक्षांत ठेविला पाहिजे. बांधावर काडी ओढण्यापूर्वीं वारा कोणत्या दिशेचा आहे एवढें पाहण्यास क्षणभर थांबलें, तरी ती आठवण राहिली असें म्हणतां येईल.